झोप कधी येते आणि किती लागते: गोव्यातल्या घराघरांतले प्रश्न

झोपेबद्दल सल्ले भरपूर मिळतात. लवकर निजा, मोबाईल बाजूला ठेवा, हळदीचे दूध प्या. पण झोप रात्रीच का येते आणि कधी कधी जीव थकलेला असूनही का येत नाही, हे समजले की यातला कुठला सल्ला आपल्या कामाचा ते आपले आपल्याला ठरवता येते. म्हणून इथे आधी शरीराचे काम कसे चालते ते सांगितले आहे. उपाय त्याच्या ओघात येतील. लिहिताना पाळीत काम करणारे, शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे डोळ्यांपुढे होती, कारण झोपेवरून घरात बोलणी बसतात ती जास्त करून यांनाच.

रात्र झाली की झोप येते. त्यात समजून घेण्यासारखे काय आहे?

बरेच आहे. शरीरात एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. एक म्हणजे झोपेची ओढ. सकाळी डोळे उघडल्यापासून ती वाढत जाते आणि झोपलो की उतरते. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. आपण झोपा किंवा जागा, ते आपल्या गतीने साधारण २४ तासांची फेरी पुरी करते आणि दिवसाच्या ठरावीक भागात आपल्याला जागे ठेवण्याचा जोर लावते. झुरिकचे संशोधक आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही दुहेरी मांडणी केली. त्यानंतर तिच्यात भर पडली, पण पाया तोच राहिला.

खाजन शेतीतली मानस, म्हणजे नदीकाठच्या बांधातले पाण्याचे दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. शेतात पाणी साठत असते, बाहेर नदीला भरती असते. भरतीचे पाणी मानशीचे दार दाबून धरते, त्यामुळे आत कितीही साठले तरी बाहेर पडत नाही. ओहोटी लागली की बाहेरचा दाब उतरतो, दार उघडते आणि आतले पाणी वाहू लागते. झोपेची ओढ दिवसभर साठत जाते आणि घड्याळाचा जोर तिला थोपवून धरतो. रात्री तो जोर ओसरला की झोप येते.

यातून एक नेहमीचे कोडे सुटते. पहाटेची कोकण रेल्वे गाठायची म्हणून कोणी रात्री आठलाच आडवे होते आणि अकरापर्यंत कुशी बदलत राहते. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास घड्याळाचा जोर दिवसातला सर्वात जास्त असतो. त्या वेळी अंथरुणावर पडून झोप ओढून आणणे फार अवघड. अशा रात्री नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पडावे, एवढेच हाती असते.

दुसरे कोडे पहाटेचे. झोपेची ओढ तर पहिल्या तीन-चार तासांतच बरीच उतरते, मग आपण सहापर्यंत झोपून कसे राहतो? कारण त्या वेळी घड्याळ तळाला असते. ओढ कमी उरली तरी जागे करणारा जोरही नसतो. म्हणूनच रात्री दहाला झोपून सहाला उठणे आणि सकाळी दहाला झोपून संध्याकाळी सहाला उठणे यांत तास सारखे दिसले तरी झोप सारखी मिळत नाही.

ही ओढ नेमकी कशाची? आणि चहाने ती जाते का?

जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते. पेशी ऊर्जा खर्च करतात त्यातून ते तयार होते. ते वाढले की जागे ठेवणाऱ्या पेशी मंदावतात. गाढ झोपेत ते पुन्हा कमी होते. ॲडिनोसीन एकटेच नाही, आणखीही रसायने या कामात आहेत, पण त्याच्याविषयी माहिती सर्वात पक्की आहे.

चहा-कॉफीतले कॅफीन ॲडिनोसीनच्या जागेवर जाऊन बसते. मेंदूला थकव्याचा निरोप पोचत नाही, पण थकवा तिथेच असतो. कॅफीन उतरले की तो एकदम जाणवतो. मोठ्या माणसाच्या अंगातले निम्मे कॅफीन जायला साधारण पाच-सहा तास लागतात, गरोदरपणात त्याहून पुष्कळ जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतला निम्मा भाग रात्री दहा-अकरालाही अंगात असतो. ‘मला कॉफीने काही होत नाही, मी पिऊनही झोपतो’ असे सांगणाऱ्यांना झोप येते हे खरे, पण तिची खोली कमी झालेली असू शकते आणि ते झोपणाऱ्याला कळत नाही. ज्यांची झोप आधीच चाळवते त्यांनी दुपारी दोननंतर चहा-कॉफी न घेऊन पंधरा दिवस पाहावे.

मेंदूत घड्याळ आहे हे कशावरून?

दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडे वर सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्याला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. उंदरांमध्ये हा भाग नष्ट केला तर त्यांच्या हालचालींची रोजची लय विस्कटते, हे १९७२ मध्ये दिसून आले. आता आपल्याला हेही ठाऊक आहे की यकृत, आतडी, स्नायू अशा बहुतेक अवयवांत आपापली छोटी घड्याळे असतात आणि मेंदूतले मुख्य घड्याळ त्यांना एका वेळेवर ठेवते.

या घड्याळात चाके नाहीत, जनुके आहेत. काही जनुके ठरावीक प्रथिने बनवतात, ती पुरेशी साठली की त्याच जनुकांचे काम थांबवतात, प्रथिने हळूहळू झिजतात आणि जनुके पुन्हा कामाला लागतात. या एका फेरीला जवळजवळ एक दिवस लागतो. फळमाशीवर काम करून हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण पहिला पुरावा याच्या कितीतरी आधीचा, आणि तो एका झाडाने दिला. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या मेरेवर लाजाळू दिसते, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. भारतात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहांतल्या वटवाघळांच्या रोजच्या लयीवर वर्षानुवर्षे संशोधन केले. माणसांवरचे प्रयोगही गुहेतच सुरू झाले. १९३८ मध्ये नेथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचा एक विद्यार्थी अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. विद्यार्थ्याचे शरीर त्यात रुळले, पण क्लाइटमन यांचे तापमान जुन्याच २४ तासांच्या फेरीत चढत-उतरत राहिले.

माणसाचे घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालते, सरासरी दहा-अकरा मिनिटांनी. बाहेरच्या उजेडाने ते रोज जुळवून घ्यावे लागते. ज्यांना उजेडाची जाणीव मुळीच होत नाही अशा अनेक अंध व्यक्तींची झोप त्यामुळे रोज थोडी थोडी सरकत जाते. काही आठवडे ती रात्री लागते, मग काही आठवडे दिवसा. घरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

उजेडाचा आणि झोपेचा संबंध कसा?

डोळ्याच्या पडद्यात चित्र पाहणाऱ्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी आहेत. त्यांत मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य असते आणि निळसर उजेडाला त्या सर्वात जास्त प्रतिसाद देतात. दिसण्यापेक्षा वेळ कळवणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांच्याकडून निरोप घड्याळाला जातो आणि घड्याळाकडून पिनियल ग्रंथीला. अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन सोडते, साधारणपणे नेहमीच्या झोपेच्या दोन तास आधीपासून. मेलाटोनिन म्हणजे शरीरासाठी रात्र झाल्याची दवंडी.

उजेड कधी मिळतो यावर सगळे अवलंबून आहे. संध्याकाळी आणि रात्री मिळालेला प्रखर उजेड झोपेची वेळ उशिरा ढकलतो. सकाळचा उजेड ती अलीकडे आणतो. हा परिणाम जिथे उलटतो ती सीमा नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी असते, जेव्हा शरीराचे तापमान सर्वात कमी असते. म्हणून ज्याला रात्री लवकर झोप हवी त्याने रात्री धडपडण्याऐवजी सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेर काढावा. अंगणात, तुळशीपाशी, पाव आणायला जाताना, कसेही. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. माझ्या मते सगळ्या उपायांत हा पहिला.

पावसाळ्यात दिवसभर सुस्ती का वाटते?

उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात जवळपास एक लाख लक्स उजेड असतो. दाट ढग असले तरी बाहेर काही हजार लक्स मिळतो. खिडक्या लावलेल्या घरात ट्यूबलाइटखाली तो १०० ते ३०० वर येतो. डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही, पण घड्याळाला जाणवतो. आषाढात आपण दिवसच्या दिवस आत काढतो, म्हणजे त्याला ना धड दिवस मिळतो ना धड रात्र. पाऊस असला तरी सकाळचा चहा सोप्यावर किंवा बाल्कांवात बसून घ्यावा. तिथला करडा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

गोव्यात सूर्य उशिरा उगवतो म्हणतात, त्याने काही फरक पडतो?

पडतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवली आहे आणि पणजी ७३.८ अंशांवर आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य मनगटावरच्या घड्याळापेक्षा सरासरी ३५ मिनिटे मागे असतो. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडते, पण जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढे जातो. शरीराचे घड्याळ सूर्याचे ऐकते, शाळेची घंटा प्रमाणवेळेची. थंडीत सव्वासहाला उठवलेले मूल अक्षरशः अंधारात दात घासत असते.

दहावीतला मुलगा रात्री बारापर्यंत जागतो आणि सकाळी हलवूनही उठत नाही. हा आळसच ना?

नाही, आणि हे मला ठासून सांगायचे आहे. वयात येताना मुलांचे घड्याळ उशिराकडे सरकते, कुणाचे एक तास, कुणाचे दोन. शिवाय या वयात झोपेची ओढही सावकाश साठते. म्हणून लहानपणी नऊला पेंगणारे पोर पंधराव्या वर्षी अकराला टक्क जागे असते. हा सरकता काळ विशीच्या आसपास थांबतो आणि मग घड्याळ हळूहळू परत अलीकडे येऊ लागते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. सकाळी आठच्या शाळेसाठी सहाला उठायचे तर रात्री आठ-दहाच्या मध्ये झोप लागायला हवी, जेव्हा त्याचे शरीर जागे राहण्याच्या ऐन भरात असते. हिशेब बसतच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते यामुळेच. आपल्याकडेही पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय निघायला हवा.

घरी करण्यासारखे आहे ते एवढे: रात्री जेवणानंतर खोलीतला पांढरा लख्ख दिवा बंद करून टेबलावरचा पिवळा लावणे, शिकवण्या उशिराच्या न ठेवणे, रविवारी दोन तासांपेक्षा जास्त उशिरा उठू न देणे. आणि ओरडू नका. पहाटे चारला उठवून पाठांतर करून घेणे तर मुळीच नको. पाठ केलेले पक्के व्हायला झोपच लागते.

आजोबा पहाटे साडेतीनलाच उठून बसतात. त्यांना झोप कमी लागते का?

गरज थोडी कमी होते, पण मिळते ती त्याहूनही कमी. वयानुसार घड्याळ अलीकडे सरकते, गाढ झोपेचा वाटा घटतो आणि झोप मध्ये मध्ये मोडते. डोळ्यातले भिंग पिवळसर होते किंवा मोतीबिंदू होतो, त्यामुळे घड्याळापर्यंत उजेडही कमी पोचतो. त्यात रात्री आठला टीव्हीसमोर खुर्चीत अर्धा तास डोळा लागला की साठलेली ओढ तिथेच उतरते. साडेतीनला जाग आली यात मग नवल नाही.

अशा वेळी फिरणे संध्याकाळी ठेवावे. मिरामारच्या किनाऱ्यावर, गावच्या देवळापर्यंत, जिथे मावळतीचा उजेड डोळ्यांवर येईल तिथे. त्याने घड्याळ उशिराकडे येते. आठची डुलकी कोणीतरी गप्पा मारून टाळावी. आणि जाग वारंवार लघवीसाठी येत असेल, किंवा मन उदास असेल, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना सांगा.

दुपारची झोप वाईट का?

दुकाने दुपारी एक ते साडेतीन बंद ठेवणाऱ्या गोव्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकदा तो बाहेरून आलेल्या कोणीतरी टोमणा मारल्यावर विचारलेला असतो. दुपारी एक ते चारच्या दरम्यान सावधपणा थोडा उतरतो आणि तो उतार जेवले नाही तरी येतो. शीतकढीने त्यात भर पडते, पण मूळ शरीराच्या लयीतच आहे. त्या वेळी आडवे होणे निसर्गाला धरून आहे.

प्रश्न किती वेळ, एवढाच. १५ ते २५ मिनिटांची वामकुक्षी ताजेतवाने करते. त्यापुढे गेलो की गाढ झोप लागू शकते आणि तीतून मध्येच उठले की डोके जड होते; ते उतरायला अर्धा तासही जातो. दीड तास झोपलो तर झोपेची एक पूर्ण फेरी होते, पण रात्रीसाठी साठवलेली ओढ खर्च होते. ज्याला रात्री पडल्या पडल्या झोप लागते त्याने दुपारी खुशाल झोपावे. ज्याला रात्री तासभर छत पाहत पडावे लागते त्याने दुपारची झोप बंद करून पाहावी. तीननंतर मात्र कोणीच नको, रात्रपाळीवाले सोडून.

जत्रेत रात्रभर जागल्यावर पहाटे गळून जातो, पण उजाडले की पुन्हा बरे वाटते. झोप गेली का?

गेली नाही, दबली. दशावतारी काला पाहताना मध्यरात्रीपर्यंत उत्साह असतो, तीन-चारला अंगात हुडहुडी भरते, डोळे मिटतात, तोंडाची चव जाते. तेव्हा शरीराचे तापमान तळाला असते आणि ओढ शिगेला. शिरगावच्या जत्रेत धोंड, म्हणजे लईराई देवीचे व्रतस्थ भक्त, पहाटे निखाऱ्यांवरून चालतात तेव्हा बघणाऱ्या गर्दीतही ही अवस्था दिसते. मग सूर्य वर येतो, घड्याळ चढू लागते आणि ओढ तेवढीच असूनही माणसाला वाटते की आता झोपेची गरज नाही.

दुसऱ्या रात्री शरीर हरवलेले सगळे तास मागत नाही. १९६३ च्या डिसेंबरअखेरीपासून १९६४ च्या जानेवारीपर्यंत अमेरिकेतल्या रँडी गार्डनर या शाळकरी मुलाने २६४ तास जागून काढले आणि त्यानंतर तो सुमारे १४ तास झोपला. तासांपेक्षा खोलीने भरपाई होते: गाढ झोप आधी आणि जास्त घेतली जाते. त्यामुळे वर्षातून एक-दोन जागरणे निरोगी माणसाला बाधत नाहीत. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन अखंड चालते, पण पथके पाळीपाळीने गातात. ही पद्धत शरीरालाही मानवणारी आहे.

धोका असतो तो घरी परतताना. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दोन-तीन सेकंदांची डुलकी उघड्या डोळ्यांनीही येते. जत्रेहून निघण्याआधी मंडपात वीस मिनिटे पडा, किंवा बसने या. स्कूटरवर मागे मूल बसलेले असेल तर याला पर्यायच नाही.

रात्रपाळी करणाऱ्याने काय करावे?

गोव्यात हा प्रश्न फार जणांचा आहे. मांडवीतले कॅसिनो, वेर्ण्यातले औषध कारखाने, दाबोळी आणि मोपाचे विमानतळ, किनाऱ्यावरची हॉटेले, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, सगळी रात्रभर चालतात. सकाळी आठला घरी येणाऱ्याची ओढ पूर्ण साठलेली असते, पण घड्याळ चढतीला लागलेले असते. म्हणून पडताक्षणी झोप लागते आणि चार-पाच तासांत जाग येते. त्यातच दाराची घंटा, कुकरच्या शिट्ट्या आणि ‘दिवसभर लोळतोस’ हे ऐकणे.

पाळी ठरलेली असेल तर काही गोष्टी उपयोगी पडतात. कामाच्या पहिल्या अर्ध्या रात्रीत उजेड भरपूर असावा, शेवटच्या दोन तासांत कमी. चहा-कॉफी मध्यरात्रीनंतर लवकरच थांबवावी. घरी येताना गडद चष्मा घालावा म्हणजे सकाळचे ऊन घड्याळाला उलट निरोप देणार नाही. पण डोळे मिटत असतील तर गाडीच चालवू नये. खोलीला जाड काळा पडदा, पंख्याचा एकसारखा आवाज, फोन बंद. कामावर जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड तासाची झोप काढता आली तर रात्र सोपी जाते. मध्यरात्री भात-मटणाचे भरपेट जेवण टाळावे; त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही.

फिरती पाळी सर्वात कठीण. ती असायचीच तर सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने असावी, कारण घड्याळाला उशिरा सरकणे सोपे जाते. पहाटेच्या आधी भट्टी पेटवणारे आपले पोदेर, म्हणजे पाववाले, तुलनेने बरे निभावतात, कारण त्यांची वेळ वर्षानुवर्षे बदलत नाही आणि घर त्या वेळेभोवती चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात घातले. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण रात्री राबणाऱ्याची दिवसाची झोप ही त्याच्या आरोग्याची गरज आहे, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी तिची रात्रीच्या झोपेइतकीच बूज राखली पाहिजे.

पाच तास झोपायची सवय लावून घेता येते का?

सवय होते ती थकव्याची. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना चौदा रात्री सहाच तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता रोज घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी झाली. त्यांना मात्र फारशी झोप येत असल्याचे वाटत नव्हते. मोठ्या माणसाला सात तास किंवा जास्त लागतात. जनुकांतल्या बदलामुळे सहा तासांत खरोखर भागणारी माणसे असतात, पण अगदी विरळ.

फेणी घेतली की झोप छान लागते, मग?

लवकर लागते, हे खरे. पुढे अल्कोहोल उतरू लागले की उत्तररात्र मोडते, स्वप्नांची झोप घटते, घोरणे वाढते. झोपेसाठी औषध म्हणून घेणे चूक.

एप्रिल-मेच्या उकाड्यात झोपच लागत नाही.

झोप लागायला शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. हाता-पायांच्या कातडीकडे रक्त जास्त वाहते आणि तिथून उष्णता बाहेर पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्यामुळे उष्णता अंगातच राहते. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ करावी. ती कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते आणि मग शरीर निवते. एकदम गार पाण्याने त्या आकसतात. सुती चादर, पंख्याचा वारा थेट अंगावर, पाय उघडे. आणि झोप उशिरा लागली म्हणून सकाळी उशिरा उठू नका, नाहीतर उकाड्यात घड्याळही सरकते.

आखातातून किंवा जहाजावरून घरी आल्यावर झोपेची घडी किती दिवसांत बसते?

दुबई फक्त दीड तास मागे, तिथून येणाऱ्याला एक-दोन दिवस पुरतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे. घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, त्यामुळे आठवडा धरून चाला. पूर्वेकडे, म्हणजे युरोपातून घराकडे येणे जास्त जड जाते, कारण झोप अलीकडे आणावी लागते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पहाटेचा उजेड टाळा आणि दुपारच्या आधीपासून बाहेर राहा. तुमच्या शरीराची मध्यरात्र तेव्हा आपल्याकडच्या सकाळी असते.

तान्हे बाळ दिवसरात्र ओळखत नाही.

त्याचे घड्याळ अजून बाहेरच्या दिवसाशी जुळलेले नसते. दोन-तीन महिन्यांत लय दिसू लागते. दिवसा उजेडात आणि घरच्या आवाजात ठेवा, रात्रीचे पाजणे मंद दिव्यात, न बोलता. बाळंतिणीला दिवसा झोपू देणे ही घरातल्या सगळ्यांची जबाबदारी.

मध्यरात्री जाग आली तर पडून राहावे का?

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठा. घड्याळ पाहू नका. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काही संथ करा, जपमाळ, वाचन, आणि डोळे जड झाले की परत या. तासन् तास तळमळत पडले की मेंदू अंथरुणाचे नाते जागरणाशी जोडतो. सकाळी मात्र ठरलेल्या वेळी उठा, रात्र कशीही गेली तरी. त्याने दुसऱ्या रात्रीसाठी ओढ पुरेशी साठते. महिनोन् महिने झोप न येण्यावर याच तत्त्वांवर आधारलेली वर्तन-उपचार पद्धती आहे आणि जुनाट निद्रानाशात गोळ्यांआधी तीच सुचवली जाते.

मेलाटोनिनची गोळी घेऊ का?

ती वेळ सरकवण्यासाठी उपयोगी, गुंगी आणण्यासाठी फारशी नाही. चुकीच्या वेळी घेतली तर झोप उलट दिशेला जाते. स्वतःच्या मनाने घेऊ नका, मुलांना तर नाहीच.

डॉक्टरकडे कधी जावे?

जोरात घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे, सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग, गाडी चालवताना डोळा लागणे, हसताना किंवा रागावताना गुडघ्यातले बळ एकाएकी जाणे, झोपेत हातपाय झाडणे, किंवा आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप न येणे आणि हे तीन महिने चालणे: यातले काहीही असेल तर थांबू नका. जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा. कधी पडलात, अंदाजे कधी डोळा लागला, कधी उठलात, दुपारी किती झोपलात, शेवटचा चहा कधी, पाळी कुठली. शेजारी झोपणाऱ्या माणसालाही बरोबर न्या. घोरणे आणि श्वास अडकणे त्यालाच ठाऊक असते.